दूरच्या सूर्यांसमोरून जाणारे महाकाय ग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परग्रहांच्या बातम्या वाचल्यावर पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर एकाच प्रकारच्या शोधावर आहे: सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गुरू किंवा शनीएवढा ग्रह सरकतो आणि ताऱ्याचा प्रकाश थोडा कमी होतो. बातमीत हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात प्रकाश कमी झालेला दिसणं ही सुरुवात असते. बहुतेक काम त्यानंतरचं असतं, म्हणून त्या भागावरची उत्तरं इथे मुद्दाम लांब आहेत.

अधिक्रमण म्हणजे काय?

ग्रह आपल्या ताऱ्याभोवती फिरताना तारा आणि आपण यांच्या बरोबर मधून गेला, तर ताऱ्याच्या तबकडीचा एक छोटा भाग झाकला जातो. हेच अधिक्रमण. २०१२ च्या जूनमध्ये शुक्र सूर्यासमोरून गेला तेव्हा अनेकांनी ते सूर्य पाहण्याचा खास चष्मा लावून पाहिलं. त्या वेळी सूर्यप्रकाश साधारण ०.१ टक्क्याने घटला होता. दूरच्या ताऱ्याची तबकडी मात्र दिसत नाही, तो दुर्बिणीतूनही ठिपकाच राहतो. त्यामुळे काळा डाग दिसण्याचा प्रश्नच येत नाही. तासन्‌तास तेजस्विता मोजायची, वेळेनुसार तिचा आलेख काढायचा आणि त्यात ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा येणारा उथळ खड्डा शोधायचा. या आलेखाला प्रकाशवक्र म्हणतात.

म्हणजे बातम्यांत ग्रहाची जी रंगीत चित्रं येतात ती खरी नसतात?

नसतात. ती चित्रकाराने काढलेली असतात. अधिक्रमणाने सापडलेल्या ग्रहाचं खरं ‘चित्र’ म्हणजे आलेखावरचे ठिपके.

‘सूर्यासारखा तारा’ आणि ‘महाकाय ग्रह’ यांची व्याख्या काय?

दोन्ही थोड्या सैल आहेत. ढोबळमानाने एफ, जी आणि के या वर्णपटीय वर्गांतले (ताऱ्यांच्या प्रकाशावरून, म्हणजे मुख्यतः तापमानावरून पाडलेले गट), हायड्रोजन जाळण्याच्या स्थिर अवस्थेतले तारे सूर्यासारखे मानतात. सूर्य स्वतः जी वर्गात मोडतो. महाकाय म्हणजे मुख्यतः हायड्रोजन-हेलियमचे, शनी किंवा गुरूएवढे किंवा त्याहून मोठे ग्रह.

प्रकाश किती कमी होतो?

ग्रहाची त्रिज्या भागिले ताऱ्याची त्रिज्या, आणि उत्तराचा वर्ग. गुरूची त्रिज्या सूर्याच्या साधारण एक दशांश आहे, म्हणून घट सुमारे १ टक्का. पृथ्वी सूर्याच्या १०९ पट लहान, त्यामुळे तिची घट जेमतेम ०.००८ टक्के. एक टक्क्याची घट जमिनीवरच्या साध्या दुर्बिणीनेही पकडता येते. पृथ्वीएवढ्या ग्रहाची घट पकडायला मात्र अवकाशात जावं लागतं. म्हणूनच या शोधाचा इतिहास महाकाय ग्रहांपासून सुरू होतो.

खड्ड्याचा तळ सपाट नसतो, हेही सांगायला हवं. ताऱ्याची तबकडी मध्यभागी जास्त तेजस्वी आणि कडेला मंद असते. ग्रह मध्यावर असताना जास्त प्रकाश अडवतो, त्यामुळे तळाला हलकी वाटीसारखी गोलाई येते. ही गोलाई वेगवेगळ्या रंगांत वेगवेगळी असते, आणि पुढे खरे-खोटे ठरवताना तिचा उपयोग होतो.

प्रत्येक ग्रह असा सापडू शकतो का?

नाही, आणि या पद्धतीची सगळ्यात मोठी मर्यादा हीच आहे. ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत यायला हवी. तशी ती असण्याची शक्यता ताऱ्याची त्रिज्या भागिले ग्रहाचं अंतर, इतकी असते. पृथ्वी-सूर्य अंतराच्या एक विसांश अंतरावर फिरणाऱ्या ग्रहासाठी ती सुमारे १० टक्के आहे. पृथ्वीच्या कक्षेसाठी ती अर्धा टक्का होते आणि गुरूच्या कक्षेसाठी हजारात एकावर येते. वर गुरूला एक फेरी मारायला जवळजवळ १२ वर्षं लागतात, आणि अधिक्रमण तेवढ्यात एकदाच, साधारण ३० तास. दूरच्या संस्कृतीने आपल्या सूर्याकडे नेमक्या त्याच दिशेने, नेमक्या त्याच दिवशी पाहिलं तरच त्यांना गुरू सापडेल.

म्हणून या पद्धतीने सापडलेल्या महाकाय ग्रहांत ताऱ्याला चिकटून फिरणाऱ्यांचा भरणा आहे. त्यांना ‘तप्त गुरू’ म्हणतात. यादी पाहून विश्वात असेच ग्रह जास्त आहेत असं वाटतं, पण तो गैरसमज आहे. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी सुमारे एक टक्का किंवा त्याहूनही कमी ताऱ्यांभोवती तप्त गुरू असतात. ते दुर्मीळ आहेत, फक्त सापडायला सोपे आहेत.

पहिला शोध कधी लागला?

कल्पना जुनी आहे. १९५२ मध्ये ऑटो स्ट्रुव्ह यांनी एका छोट्या लेखात लिहिलं होतं की ताऱ्याच्या अगदी जवळ गुरूसारखा ग्रह असू नये असं काही कारण नाही. तसा तो असेल तर ताऱ्याच्या वेगातल्या बदलावरून किंवा ग्रहणामुळे होणाऱ्या सुमारे २ टक्के घटीवरून सापडू शकेल. त्यावर चार दशकं फारसं काही घडलं नाही. आपल्या सूर्यमालेत गुरू लांब आहे, म्हणून सगळीकडे तो लांबच असणार, हा समज पक्का होता. माझ्या मते या विषयातला सगळ्यात महाग पडलेला समज हाच.

१९९५ मध्ये मिशेल मायॉर आणि दिदिये केलो यांनी फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून ५१ पेगासी या ताऱ्याभोवती ४.२ दिवसांत फेरी मारणारा ग्रह शोधला. पद्धत ताऱ्याच्या डोलण्याची होती (ग्रहाच्या ओढीने तारा किंचित पुढे-मागे होतो, ते मोजण्याची), अधिक्रमणाची नव्हे. या कामासाठी त्यांना २०१९ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तो ग्रह आपल्या दृष्टिरेषेत येत नाही.

मग पाळी आली एचडी २०९४५८ ची. महाश्व तारकासमूहातला, सुमारे १५७ प्रकाशवर्षांवरचा हा सूर्यासारखा तारा. त्याच्या डोलण्यावरून साडेतीन दिवसांचा ग्रह आहे हे कळलं होतं. १९९९ च्या ९ आणि १६ सप्टेंबरला डेव्हिड शार्बोनो आणि टिमथी ब्राउन यांनी जेमतेम १० सेंटीमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून त्याचं अधिक्रमण नोंदवलं. ग्रेग हेन्री यांच्या गटाने ७ नोव्हेंबरला स्वतंत्रपणे तेच पकडलं. घट दीड टक्क्याच्या आसपास होती. डोलणाऱ्या ताऱ्यांभोवती खरंच ग्रह आहेत, ताऱ्यांचे पृष्ठभाग काही वेगळा खेळ करत नाहीत, हे त्या रात्रींनी निर्विवाद केलं.

आधी अधिक्रमण दिसलं आणि मग ग्रह सिद्ध झाला, असा पहिला कोणता?

ओजीएलई-टीआर-५६ बी. चिलीतल्या लास कॅम्पानासवरून पोलंडच्या खगोलशास्त्रज्ञांचा ओजीएलई प्रकल्प आकाशगंगेच्या मध्याकडच्या ताऱ्यांची तेजस्विता मोजत होता, मुळात गुरुत्वीय सूक्ष्मभिंगाच्या घटनांसाठी (समोरून जाणाऱ्या वस्तूच्या गुरुत्वामुळे मागचा तारा काही काळ जास्त तेजस्वी दिसतो, त्या घटना). त्या मोजमापांत हा १.२ दिवसांचा खड्डा सापडला आणि २००३ च्या सुरुवातीला केक दुर्बिणीने ताऱ्याचा वेग मोजून ग्रह असल्याचं जाहीर झालं. अंतर सुमारे ५,००० प्रकाशवर्षं. तोपर्यंत माहीत असलेले बहुतेक परग्रह त्या मानाने शेजारचे होते.

खड्डा दिसला म्हणजे ग्रह सापडला, असं का म्हणत नाहीत?

कारण एक टक्क्याची घट घडवणाऱ्या इतर गोष्टी आकाशात भरपूर आहेत.

पहिली अडचण आकाराची. गुरूएवढ्या आकाराच्या सगळ्या वस्तू ग्रह नसतात. वायूचा गोळा जड होत गेला तरी एका मर्यादेनंतर फुगत नाही, आतल्या आत दाबला जातो. त्यामुळे गुरू, त्याच्या ५० पट वस्तुमानाचा तपकिरी बटू (ग्रहाहून जड, पण ताऱ्यासारखा हायड्रोजन जाळू न शकणारा गोळा) आणि सगळ्यात हलके लाल बटू तारे आकाराने जवळपास सारखेच असतात. ओजीएलई-टीआर-१२२ हे ठळक उदाहरण. तिथला छोटा सोबती गुरूपेक्षा थोडासाच मोठा, पण वस्तुमान गुरूच्या सुमारे ९६ पट. तो चक्क तारा आहे. नुसत्या प्रकाशवक्रावरून त्याला कोणीही ग्रह म्हटलं असतं. पृथ्वीएवढ्या ग्रहाबाबत हा घोटाळा होत नाही. महाकाय ग्रह पकडायला सोपे आणि सिद्ध करायला अवघड ते यामुळेच.

दुसरी अडचण गर्दीची. दोन तारे एकमेकांना आळीपाळीने झाकतात, त्यांना पिधान द्वैती म्हणतात. अशी जोडी आपल्या ताऱ्याच्या मागे, त्याच रेषेत असली आणि एकूण प्रकाशात तिचा वाटा २ टक्के असला, तर तिच्यात ५० टक्क्यांचं ग्रहण होऊनही आपल्याला दिसते १ टक्क्याची घट. हुबेहूब गुरू! टेस या अवकाश दुर्बिणीच्या एका पिक्सेलमध्ये आकाशाचा २१ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) रुंदीचा तुकडा मावतो. आकाशगंगेच्या पट्ट्यात तेवढ्या जागेत अनेक तारे असतात.

तिसरी अडचण म्हणजे कडेला ओझरता स्पर्श करून जाणारा सोबती तारा. मोठा तारा थोडासाच झाकला गेला तरी घट एक टक्काच भरते.

किती उमेदवार बाद होतात, याची कल्पना हवी असेल तर केप्लर दुर्बिणीचं उदाहरण पुरेसं आहे. तिने सुचवलेल्या महाकाय ग्रहांच्या उमेदवारांचे वेग ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून अनेक वर्षं मोजले गेले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्त ग्रह नव्हतेच.

मग खरं-खोटं कसं ठरवतात?

आधी प्रकाशवक्रच उलटसुलट तपासतात. एकाआड एक खड्ड्यांची खोली वेगळी असली तर ते दोन वेगळ्या तेजाचे तारे असण्याची शक्यता मोठी. दोन खड्ड्यांच्या मध्ये आणखी एक ठळक खड्डा दिसला तरी तोच संशय. खड्डा इंग्रजी व्हीसारखा टोकदार असेल तर ओझरतं ग्रहण असावं. वाटीसारखा, सरळ कडांचा असेल तर ग्रहाची आशा वाढते. ग्रहणाच्या वेळी ठिपक्याचा मध्य किंचित सरकला, तर मंद होणारा तारा वेगळाच कुणी शेजारी आहे. लाल आणि निळ्या फिल्टरमधून मोजलेली घट खूप वेगळी आली तर झाकणारी वस्तू स्वतः प्रकाशमान असण्याची शंका घेतात. या चाळण्यांतच बरेच उमेदवार गळतात.

शेवटचा निकाल बहुधा ताऱ्याच्या वेगावरून लागतो. ग्रह ताऱ्याला खेचतो, तारा आपल्याकडे आणि आपल्यापासून दूर असा डोलतो, आणि वर्णपटातल्या रेषा सरकतात. गुरूमुळे सूर्य सेकंदाला सुमारे १२.५ मीटर या वेगाने डोलतो. ५१ पेगासीचा आकडा सुमारे ५६ मीटर. सोबती तारा असेल तर वेग किलोमीटरमध्ये निघतो आणि विषय तिथेच संपतो. वेग आणि अधिक्रमण यांचा काळ जुळला, तर आणखी एक मोठा फायदा मिळतो. नुसत्या वेगावरून वस्तुमानाची किमान मर्यादाच कळते, कारण कक्षेचा कल माहीत नसतो. अधिक्रमण होतंय म्हणजे कक्षा जवळजवळ कडेवरून दिसते आहे, त्यामुळे खरं वस्तुमान मिळतं.

तारा फार दूर असेल तर?

तर बरेचदा अडतं. वेग मोजायला प्रकाश हजारो रंगांत पसरवावा लागतो, आणि मंद ताऱ्याचा प्रकाश तेवढा पुरत नाही. २००४ मध्ये कैलाश साहू यांच्या नेतृत्वाखाली हबल दुर्बिणीने धनू राशीच्या दिशेला, आकाशगंगेच्या मध्यवर्ती फुगवट्यातले सुमारे १,८०,००० तारे सात दिवस न्याहाळले. १६ उमेदवार मिळाले. पण वेग मोजता येण्याइतके तेजस्वी तारे दोनच निघाले, त्यामुळे स्वतंत्र पडताळणी झाली ती त्या दोघांची. उरलेल्या १४ बाबत बोलायचं ते शक्यतेच्या भाषेत.

अशा वेळी खोट्या इशाऱ्यांची प्रत्येक शक्यता किती, याचं गणित मांडतात आणि ग्रहाचं पारडं फार जड झालं तर त्याला संख्याशास्त्रीय दृष्ट्या प्रमाणित म्हणतात. लहान ग्रहांबाबत हे चालतं. महाकाय ग्रहांबाबत वस्तुमान मोजल्याशिवाय मी तरी अशा दाव्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही, कारण वर सांगितलेला तपकिरी बटूचा घोटाळा गणिताने मिटत नाही.

शोधूनही काहीच सापडलं नाही, असं झालंय का?

झालंय, आणि तोही शोधच ठरला. १९९९ मध्ये हबलने ४७ टुकानी या गोलाकार तारकागुच्छातले सुमारे ३४,००० तारे आठ दिवसांहून थोडा अधिक काळ पाहिले. सूर्याच्या शेजारी तप्त गुरूंचं जे प्रमाण आहे ते तिथेही असतं तर सुमारे १७ सापडायला हवे होते. एकही सापडला नाही. त्या गुच्छातल्या ताऱ्यांत लोह व इतर जड मूलद्रव्यं कमी आहेत, आणि महाकाय ग्रह जड मूलद्रव्यं जास्त असलेल्या ताऱ्यांभोवती अधिक आढळतात, हे पुढे भक्कम झालं. ताऱ्यांच्या दाटीचाही काही वाटा असू शकतो.

गुरूएवढा ग्रह ताऱ्याच्या इतक्या जवळ तयार कसा होतो?

बहुधा तिथे होत नाही. तो लांब तयार होतो आणि आत येतो, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. एक मार्ग म्हणजे जन्माच्या वेळच्या वायूच्या चकतीशी होणाऱ्या गुरुत्वीय देवाणघेवाणीतून हळूहळू आत सरकणं. दुसरा जास्त धसमुसळा. इतर ग्रहांच्या किंवा सोबती ताऱ्याच्या ओढाताणीत कक्षा फार लांबट होते, ग्रह दर फेरीला ताऱ्याला घासून जातो आणि भरतीच्या बलांमुळे कक्षा लहान आणि गोल होत जाते. एचडी ८०६०६ बी हा ग्रह या वाटेवर अर्ध्यात असल्यासारखा दिसतो. १११ दिवसांची फेरी, कक्षा धूमकेतूसारखी लांबट, आणि ताऱ्याजवळून जाताना सहा तासांत त्याचं तापमान सुमारे ७०० अंशांनी वाढल्याचं स्पिट्झर दुर्बिणीने मोजलं होतं. वास्प-१७ बी तर ताऱ्याच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरतो. शांतपणे आत सरकलेल्या ग्रहाकडून अशी अपेक्षा नसते.

त्या ग्रहांबद्दल आणखी काय कळतं?

खड्ड्यावरून आकार, वेगावरून वस्तुमान, दोन्हींवरून घनता. एचडी २०९४५८ बी गुरूच्या सुमारे ०.७ पट जड, पण जवळजवळ १.४ पट रुंद आहे. त्याची घनता शनीच्याही निम्म्याच्या आसपास भरते. तप्त गुरू असे का फुगतात, यावर अजून एकमत नाही. ताऱ्याची उष्णता ग्रहाच्या खोल भागात कशी पोचते, हा वादाचा मुद्दा आहे.

अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो. २००२ मध्ये याच ग्रहाच्या वातावरणात हबलने सोडियम पकडलं. २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला वास्प-३९ बी या शनीच्या वस्तुमानाच्या ग्रहावर कार्बन डायऑक्साइडचा स्पष्ट ठसा मिळाला, आणि मग सल्फर डायऑक्साइडचाही.

तिथे जीवसृष्टी असेल का?

तप्त गुरूंवर नाही. हजार अंशांहून जास्त तापमान, आणि पाय टेकायला जमीन नाही.

आपल्या गुरूसारखे, लांब फिरणारे कधीच सापडत नाहीत का?

थोडे सापडतात. केप्लर-१६७ ई हा सूर्यापेक्षा थोड्या लहान ताऱ्याभोवती १,०७१ दिवसांत फेरी मारणारा, वस्तुमानाने गुरूच्या जवळपास असलेला ग्रह. केप्लर दुर्बिणीला चार वर्षांत त्याची दोनच अधिक्रमणं मिळाली. तिसऱ्याची वेळ गणिताने काढून २०१८ मध्ये स्पिट्झरने ते पकडलं. प्लॅनेट हंटर्स या प्रकल्पातल्या हौशी स्वयंसेवकांनी केप्लरचे आलेख डोळ्यांनी चाळून पीएच२ बी शोधला. सूर्यासारखा तारा, गुरूएवढा ग्रह, २८२ दिवसांची फेरी. फेरी लांब असली की संगणकाला पुनरावृत्ती दिसत नाही, तिथे माणसाची नजर अजून उपयोगी पडते.

हे काम कोणत्या दुर्बिणी करतात?

जमिनीवरून सुपरवास्प आणि हॅटनेट या प्रकल्पांनी कॅमेऱ्याच्या भिंगांसारखी छोटी साधनं एकत्र बसवून आकाशाचे मोठे तुकडे रोज रात्री टिपले. तप्त गुरूंच्या नावात वास्प किंवा हॅट दिसतं ते त्यामुळे. अवकाशातून २००६ मध्ये कोरो, २००९ मध्ये केप्लर आणि २०१८ मध्ये टेस. केप्लरने हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांकडे टक लावून दीड लाखांहून अधिक तारे पाहिले, पण बहुतेक मंद. टेस जवळचे, तेजस्वी तारे पाहते, त्यामुळे वेग मोजणाऱ्यांचं काम सोपं होतं. पुढे प्लेटो ही २६ कॅमेऱ्यांची युरोपीय मोहीम तेजस्वी ताऱ्यांवर भर देणार आहे. रोमन दुर्बीण आकाशगंगेच्या मध्याकडे बघेल आणि तिच्याकडून हजारो अधिक्रमणांची अपेक्षा आहे. तिथेही २००४ चीच अडचण येणार: बहुतेक तारे इतके मंद असतील की वेग मोजता येणार नाही.

ग्रहाच्या नावातला शेवटचा ‘बी’ कशासाठी?

ताऱ्याला ‘ए’ धरतात, म्हणून पहिल्या सापडलेल्या ग्रहापासून बी, सी, डी असं चालू होतं. क्रम शोधाचा, अंतराचा नव्हे.

हौशी निरीक्षकाला यात काही करता येतं का?

येतं, आणि ते शोभेचं काम नाही. २० सेंटीमीटरची दुर्बीण, माग ठेवणारं मजबूत मांडण आणि बऱ्यापैकी कॅमेरा असेल तर दीड-दोन टक्क्यांची घट नोंदवता येते. सुरुवातीला एचडी १८९७३३ बी घ्यावा. तारा ७.७ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा लहान तितका तारा तेजस्वी) आणि घट २ टक्क्यांहून जास्त. मात्र तारा तेजस्वी असल्याने कॅमेरा संपृक्त होऊ देऊ नका, म्हणजे पिक्सेल मोजण्याच्या मर्यादेपलीकडे भरू देऊ नका. प्रतिमा मुद्दाम थोडी अस्पष्ट ठेवली तर प्रकाश जास्त पिक्सेलवर पसरतो आणि मोजमाप सुधारतं. ताऱ्याची तुलना त्याच चौकटीतल्या साधारण त्याच तेजाच्या आणि रंगाच्या ताऱ्यांशी करायची, म्हणजे विरळ ढग आणि हवेची चंचलता बरीचशी वजा होते. अधिक्रमणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर मोजमाप हवं. नेमकं हेच लोक विसरतात, आणि मग खड्डा कुठून मोजायचा ते कळत नाही. संगणकाचं घड्याळही इंटरनेटवरून जुळवून घ्या.

या नोंदी लागतात कुठे? समजा, साडेतीन दिवसांच्या ग्रहाचा काळ एका सेकंदाने चुकीचा धरला गेला. दहा वर्षांत हजारावर फेऱ्या होतात आणि अंदाज १७ मिनिटांनी चुकतो. मोठ्या दुर्बिणीचा मोजका वेळ त्यात वाया जाऊ शकतो. नासाचा एक्सोप्लॅनेट वॉच आणि युरोपीय एरियल मोहिमेसाठीचा एक्सोक्लॉक हे प्रकल्प अशा नोंदी गोळा करून वेळापत्रकं ताजी ठेवतात. कधी कधी चूक गणितात नसून ग्रहातच असते. वास्प-१२ बी ताऱ्याकडे हळूहळू घसरतो आहे. त्याचा काळ दर वर्षी सुमारे २९ मिलिसेकंदांनी कमी होतो, आणि हे कळलं ते अनेक वर्षांच्या अधिक्रमणांच्या वेळा एकाखाली एक मांडल्यामुळे.